संक्रांतीचं काळं झबलं

देवापुढच्या दिव्याभोवती कडं दिसायला लागलं ते गौरी-गणपतीच्या सुमाराला. सगुणाबाईंना आधी वाटलं, तेलातच काहीतरी खोट आहे. त्यांनी तेल बदललं, वात बदलली, समई चिंचेनं घासून लख्ख केली. कडं काही जाईना. नवरात्रात मेंगाईच्या तसबिरीतलं देवीचं तोंड पुसट झालं. दिवाळीला कुमार घरी आला, त्याला चहा द्यायला गेल्या तर अर्धा चहा बशीबाहेर, त्याच्या पँटीवर. कुमार त्यांचा एकुलता एक मुलगा. तो नुसतं आईच्या डोळ्यांकडं बघत राहिला. ते बघणं मात्र सगुणाबाईंना बरोबर दिसलं.

पासलीच्या त्यांच्या वाडीत अकरा घरं, त्यातल्या सहा घरांना कुलपं. त्यांचे यजमान कोंडिबा जाऊन चार वर्षं झाली होती. भाताची खाचरं भावकीत वाट्यानं दिली होती. सकाळी अंगण झाडायचं, चार भांडी घासायची, आणि मग दिवस नुसता समोर उभा राहायचा. त्या दिवसाला सगुणाबाईंनी इतकी वर्षं तोंड दिलं ते विणकामाच्या जोरावर.

विणायला त्या लग्नानंतर शिकल्या. तेव्हा शाळेवर साताऱ्याकडचे एक मास्तर होते, त्यांच्या बायकोला इथली थंडी सोसायची नाही, म्हणून ती सारखी काहीतरी विणत बसायची. सगुणाबाई ताक द्यायला जायच्या आणि उभ्या उभ्या बघत राहायच्या. एक दिवस बाईंनी विचारलं, "शिकतेस का?" घरी सुया नव्हत्या. कोंडिबांनी मोडक्या सायकलच्या दोन तारा काढल्या, दगडावर घासून त्यांची टोकं गोल केली आणि म्हणाले, "हं, इण आता." त्या तारांवर पहिल्या वर्षी कानटोपी झाली. मग मफलर, बंड्या, पायमोजे. पुढं रिवाजच पडला, की संक्रांतीला घरातल्या प्रत्येकाला तिळगुळाच्या वाटीबरोबर लोकरीचं काहीतरी नवं. कोंडिबा आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या घरात म्हशीलाच तेवढा स्वेटर न्हाई. तिचं माप घ्यायला ही भीती."

यंदा घरात एक माणूस वाढलं होतं. स्वरूप, कुमारचा मुलगा, सात महिन्यांचा. कुमार आणि त्याची बायको शिवानी भोरला भाड्यानं राहायचे. शिवानी शिरवळकडं एका कंपनीच्या ऑफिसात होती.

मार्गशीर्षात कुमारचा फोन आला.

"आई, शिवानीची रजा संक्रांतीपातुर हाय. तिच्या आईला जमायचं न्हाई, तिकडं तिच्या भावाची दोन पोरं हायेत. एक तर तू हितं राह्यला ये, न्हाईतर पाळणाघर बघावं लागंल."

"पाळणाघर कशाला? म्या मेलीय का?"

"तसं न्हाई. शिवानी इचारती, आईंच्या डोळ्यांचं काय?"

"काय व्हायचंय डोळ्यांना?"

"दिवाळीला चा सांडलास."

"बशी उथळ हुती ती. अरं, तुला मफलर झाला, शिवानीला शाल निम्मी झालीया, बाळाला काळं झबलं घालतीया संक्रांतीचं. आंधळी बाई इणती व्हय?"

कुमार हसला. "बरं बाई, तू काय ऐकायची न्हाईस. झबलं घिऊन ये, मंग बघू."

फोन ठेवला आणि सगुणाबाई तिथंच भिंतीला टेकल्या. कारण मफलर झाला होता हे खरं, शाल निम्मी झाली होती हेही खरं. पण मफलर पिवळा आणि शाल दुधाळ पांढरी. फिकट लोकर अजून त्यांना थोडीफार दिसायची. काळी लोकर त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवली होती. तिची त्यांना भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात वेल्ह्याला डोळे तपासायचं शिबिर होतं. कुणाला न सांगता त्या गेल्या. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घ्या, डोळा स्वच्छ होईल. मात्र नंतर महिनाभर वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, जड उचलायचं नाही.

"लेकरू उचललं तर चालंल?" सगुणाबाईंनी विचारलं.

"महिनाभर कुणाला तरी दुसऱ्याला उचलू द्या, आजी."

महिनाभर थांबायला वेळ कुठं होता? संक्रांत झाली की शिवानी कामावर जाणार. तोवर पाळणाघर ठरलं असतं, आणि एकदा लेकराला तिथली सवय लागली की आजीला कोण विचारतंय? त्यांनी घरी येऊन तो कागद कणगीखाली सरकवला. झबलं पुरं करायचं, भोरला जायचं, घरातला एक कोपरा धरायचा. पुढचं पुढं.

झबल्याला बसल्या तेव्हा संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. सकाळी उन्हं ओट्यावर आली की बसायचं, उन्हं उतरली की उठायचं. दिसायचं काहीच नाही, मांडीवर एक काळा डाग तेवढा. सगळं काम बोटांवर. सुलट टाका बोटाला सपाट लागतो, उलटा गाठीसारखा. ओळींची मोजदाद ठेवायला त्यांनी उजव्या बाजूला मूठभर भाताचे दाणे ठेवले होते. एक ओळ झाली की एक दाणा डावीकडं. बोटांना सगळं समजायचं, फक्त सुटलेला टाका समजायचा नाही. तो सुटायचा, ओळीओळीनं खाली घसरत जायचा, आणि दहा ओळी पुढं गेल्यावर अंगठा भसकन भोकात जायचा. मग उसवायचं. पाठ त्यांनी चार वेळा उसवली. चौथ्या वेळी सुया खाली ठेवल्या आणि तोंडावर पदर घेऊन बसून राहिल्या. रडू आलं नाही.

मेंगाईपुढं रोज दिवा लागत होता. 'नजर चांगली कर' असं मागायचं त्यांना धाडस झालं नाही. लबाडी चालली होती, हे त्यांना कळत होतं, आणि लबाडीत देवीला किती ओढायचं? 'एवढं झबलं होऊ दे,' इतकंच त्या म्हणायच्या.

पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीला खांद्यापासून बोटभर गेल्या आणि काळी लोकर संपली. संक्रांत पाच दिवसांवर. वेल्ह्याच्या बाजारात निरोप धाडला तर दुकानदाराचं उत्तर आलं, काळी सगळी उठली, आता संक्रांतीनंतर.

ट्रंकेत उरलेल्या लोकरीची पिशवी होती. तिच्यात काळ्या लोकरीचा गोळा असायला हवा होता, कोंडिबांच्या शेवटच्या मफलरातला उरलेला. तसाच एक गडद निळाही होता, कुमारच्या शाळेच्या स्वेटरमधला. दोन्ही एकाच जाडीचे. डोळे उतरायला लागल्यावर सगुणाबाईंनी खूण म्हणून काळ्याच्या टोकाला एक गाठ मारली होती आणि निळ्याच्या टोकाला दोन. पिशवी उघडली तर आतून उंदराची लेंडं हाताला लागली. पिशवी कुरतडलेली, दोन्ही गोळ्यांची टोकं कुरतडलेली. एक गाठही नाही आणि दोनही नाहीत.

त्यांनी एक गोळा उन्हात धरला. काळा. दुसरा धरला. तोही काळाच.

शेजारी साळूबाई होती, नात्यानं धाकटी जाऊ. मनानं चांगली, पण तिच्या कानात पडलेली गोष्ट न्याहारीच्या आत खालच्या आळीला पोचायची आणि दुपारच्या आत फोनवरून कुमारला. 'हा कुठल्या रंगाचा गं?' असं तिला विचारणं म्हणजे सगळंच उघड करणं. सगुणाबाईंनी एक गोळा हातात घेतला, सहज आल्यासारख्या तिच्या दारात गेल्या.

"साळू, बाळाच्या झबल्याला ही लोकर कशी वाटती बघ."

साळूबाई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवून गोळा गालाला लावला. "झ्याक हाय की आक्का. मऊसूत हाय. टोचायची न्हाई."

"आन दिसायला?"

"दिसायला काय, गोरं हाय न्हवं लेकरू? लई खुलंल."

काळ्यात गोरं लेकरू खुलतंच. सगुणाबाईंना केवढा धीर आला. त्यांनी काळ्या धाग्याला नवा धागा जोडला. बाळाच्या कपड्यात गाठ ठेवायची नाही, ती टोचते, म्हणून दोन्हींचे पदर एकत्र पिळून घेतले. आणि उरलेली बाही, मनगटापर्यंत, गडद निळ्या लोकरीत विणून टाकली.

संक्रांत बुधवारी झाली. बोरन्हाण शिवानीनं रविवारी ठेवलं होतं, कारण सोमवारी ती कामावर रुजू होणार होती. खरं तर पासलीत बोरन्हाणाची पद्धत नव्हती. भोरच्या घरमालकीण सौदामिनीबाईंनी हौसेनं ते काढलं होतं. पहिली संक्रांत, बाळाला काळं घालायचं, हलव्याचे दागिने करायचे, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे आणि आळीतल्या पोरांनी ते लुटायचे.

सगुणाबाई शनिवारी निघाल्या. एसटीची पाटी दिसत नव्हती, पण स्टँडवर जो तो विचारतच असतो, "ही कुठं जातीया वो?" त्यात त्यांचं विचारणं खपून गेलं. नसरापूरच्या फाट्यावर उतरून भोरची गाडी धरली. पिशवीत मफलर, शाल, झबलं, आणि साळूबाईनं बांधावरच्या बोरीची वेचून दिलेली बारकी गावठी बोरं.

रविवारी सकाळी शिवानीनं आतल्या अंधाऱ्या खोलीत बाळाला झबलं घातलं. माप अंगाला बसलं. सगुणाबाईंनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. टाक्याला टाका लागला होता. शिवानी म्हणाली, "काय सुंदर विणलंय हो आई. मला उगाच काळजी वाटत होती." ते ऐकून त्यांचे पाय हलके झाले.

बोरन्हाण अंगणात होतं. बायका जमल्या, पोरं जमली. बाळाला घेऊन शिवानी उन्हात आली तशा सौदामिनीबाई म्हणाल्या, "हे काय गं? एक बाही निळी?"

सगुणाबाईंच्या तोंडानं ऐनवेळी त्यांची बाजू घेतली.

"मुद्दाम केलीया, बाई. आमच्यात लेकराला पुरतं सारखं घालत न्हाईत. कुठंतरी एक खोड ठिवायची, म्हंजी दिष्ट त्या खोडीवर जाती."

"अगबाई, तीट लावतो तसं का? छान आहे हो ही पद्धत," सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. असली काही पद्धत पासलीत नव्हती. शिवानी फक्त सासूकडं बघत राहिली.

बाळ पाटावर एकटं बसेना. सगुणाबाई पुढं झाल्या, पाटावर बसल्या आणि त्याला मांडीवर घेतलं.

"आई, बोरं नको ओतायला," शिवानी म्हणाली. "हा सगळं तोंडात घालतो. नुसते चुरमुरे घालू."

"बोरन्हाण म्हणायचं आन बोरं न्हाईत व्हय? चार घाला गं. म्या बसलीया की बघायला."

चुरमुरे पडले, हलवा पडला, उसाचे करवे पडले, बोरं पडली. पोरं तुटून पडली, नुसता गलका झाला. सगुणाबाई हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं रंगीत धुकं हलत होतं, आणि मांडीवर बाळाची ऊबदार पाठ होती. उद्यापासून ही पाठ रोज इथं असणार, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

तेवढ्यात बोटांना काहीतरी कळलं. इतका वेळ बाळ हुंकारत होतं, ते थांबलं. पोटावर ठेवलेल्या हाताखाली टाके वर-खाली होत होते, ते थांबले. पाठ लाकडासारखी ताठ झाली. सगुणाबाईंनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. समोर एक पांढुरका गोळा. तोंड उघडं की मिटलेलं, रंग बदललाय की नाही, काही म्हणता काही दिसेना. बोट घालून काढावं, तर आहे काय आत, आणि आणखी आत ढकललं गेलं तर?

"शिवानी, ह्याच्या तोंडात बघ," त्या ओरडल्या. "मला दिसत न्हाई गं. मला काय सुदिक दिसत न्हाई."

शिवानीनं बाळ ओढून घेतलं, हातावर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या थापटीला बारकं गावठी बोर फरशीवर पडलं. मग बाळाचा रडण्याचा आवाज आला. तो येईपर्यंत गेलेला वेळ सगुणाबाई उरलेल्या जन्मात विसरणार नाहीत.

बायका वाण न घेताच हळूहळू गेल्या. जाताना सौदामिनीबाई एवढंच म्हणाल्या, "देवानं राखलं."

घरात आल्यावर कुमारनं विचारलं, "कवापासनं?"

"गौरीपासनं. मोतीबिंदू हाय. शिबिरात आपरेशन सांगितलंय."

"आन तू मला फोनवर सांगतीस, आंधळी बाई इणती व्हय म्हणून." तो उठून गॅलरीत गेला.

शिवानी बाळाला छातीशी धरून बसली होती. "ती बाही..."

"मला दोन्ही काळ्याच दिसत्यात."

"उद्या मी याला तुमच्याकडं सोडून गेले असते, आई."

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "गेली असतीस. आन म्या जाऊ दिलं असतं."

शिवानीनं फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन पाळणाघराला सांगितलं, उद्या सकाळी आठला आणते. भिंत पातळ होती. सगुणाबाईंनी सगळं ऐकलं. 'माझ्यापाशी ठेवू नको' हे स्वतः म्हणायचं त्यांच्या मनात होतं. तेवढंही करायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी त्या आपणहून पिशवी भरून उभ्या राहिल्या. "ते झबलं दे. बाही बदलून धाडते."

शिवानीनं घडी करून पिशवीत ठेवलं. दाराशी ती थांबली. बाळ कडेवर होतं, खांद्याला डबा होता. "ऑपरेशनची तारीख कुमार काढतोय. रथसप्तमीनंतर. ते होऊ दे, मग बघू."

मग बघू, म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. सगुणाबाईंनी बाळाच्या पायाला हात लावायला हात पुढं केला. तो आधी शिवानीच्या पदराला लागला, मग पायाला. पाय थंड होते. त्याला पायमोजे करायचे राहिलेच, असं त्यांच्या मनात आलं. कुमारनं त्यांना एसटीत बसवलं, कंडक्टरला नीट सांगितलं आणि खिडकीखाली गाडी हलेपर्यंत उभा राहिला. मफलर त्यानं गळ्यात घातला होता की नाही, ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओट्यावर आली तशा त्या झबलं घेऊन बसल्या. बाही उसवायची होती. एक बाही उजव्या हातात धरली, एक डाव्या. दोन्ही सारख्याच मऊ, सारख्याच सपाट. जोडावर गाठही नव्हती. उन्हाकडं धरून बघितलं, डोळ्यांना टेकवून बघितलं. चुकीची बाही उसवली तर दोन्ही जायच्या. कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या.

साळूबाई पाण्याला निघाली होती. "काय वो आक्का, लगीच आलासा? नातवाला कटाळला व्हय एवढ्यात?"

"साळू, हितं ये जरा."

ती आली. सगुणाबाईंनी झबलं तिच्यापुढं धरलं. "ह्यातली निळी बाही कुठली?"

साळूबाई हसली. "चेष्टा करता व्हय, आक्का?"

"न्हाई."

हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला. साळूबाई ओट्यावर बसली, सगुणाबाईंचा हात धरून तिनं एका बाहीवर ठेवला. "ही निळी. वर खांद्यापाशी बोटभर काळी हाय, मंग निळी." मग ती म्हणाली, "म्हंजी त्या दिशी गोळा दावलासा तवा..."

"व्हय."

"तवाच इचारायचं की, आक्का."

सगुणाबाईंनी मनगटाशी बंद केलेल्या टाक्याचं टोक नखानं शोधलं, सोडवलं आणि ओढलं. लोकर सरसर यायला लागली. साळूबाईनं न सांगता सुटलेलं टोक हातात घेतलं आणि गोळा करायला लागली. पाण्याचा हंडा तसाच पायरीवर राहिला. आणि दर चार वेढ्यांनी, कुणी विचारलेलं नसताना, ती सांगत राहिली, "निळीच हाय अजून. ओढा. अजून निळीच हाय."